सतरा नंबरच्या पुस्तकाची व्यवस्था

मी, घरात आणि गल्लीत ‘भडक्या’ या नावाने ओळखला जाणारा, वय वर्षे तेवीस, शिक्षण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या अर्ध्यापर्यंत, आज पूर्ण शुद्धीत, पोटात अन्न आणि डोकं थंड असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर आपणहून हे लिहून ठेवतो. मरायची मला घाई नाही. सोमवारी मालवाहू बोटीच्या इंजिनखान्यात मदतनीस म्हणून रुजू व्हायचं आहे. त्यांच्या अर्जात ‘वारस’ असा रकाना होता. तो भरताना वाटलं, आपल्याकडे आहे काय आणि ते द्यायचं कोणाला, हे एकदा नीट लिहावं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. शपथा बऱ्याच केल्या होत्या, त्या सगळ्या रद्द.

१. घर वडिलांचं आहे, त्यावर मी हक्क सांगत नाही. माझी सायकल त्यांना. कॉलेज सोडलं तेव्हा ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत, पण सायकलच्या चेनला दर रविवारी तेल मात्र घातलेलं असायचं. मला ते दिसत होतं. बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

२. माझी खरी मिळकत म्हणजे ‘दूरतळ’ या, अंतराळातल्या एका तळावर घडणाऱ्या टीव्ही मालिकेवरून निघालेल्या एकतीस कादंबऱ्या. मालिका बंद पडली, पुस्तकं निघत राहिली. रद्दीवाले काका ती आमच्यासाठी बाजूला काढून ठेवत. आमच्यासाठी म्हणजे मी आणि कप्तान. कप्तान म्हणजे चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची ती. तिचं नाव आता दुसऱ्या घरचं आहे, म्हणून लिहीत नाही.

एकतीसच्या एकतीस वाचणं शहाण्याचं काम नव्हे. म्हणून आमची पद्धत होती. ज्याने आधी वाचलं त्याने शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने निकाल लिहायचा, ‘वाच’ किंवा ‘सोड’. दुसऱ्याने वाचलंच तर त्याखाली आपला. मागच्या कव्हरवर ‘आता सगळं बदलणार’ असं छापलं असेल तर सोड, कारण शेवटच्या पानापर्यंत सगळं होतं तिथेच आणून ठेवतात. तळावरचा मेकॅनिक लागोपाठ दोन वाक्यं पुस्तकी बोलला, तर लेखकाने मालिका पाहिलेलीच नाही, सोड. एवढ्यावर आमचं एकमत. भांडण एकाच गोष्टीवरून. मी म्हणायचो, मालिकेत दाखवलं नाही ते घडलंच नाही. ती म्हणायची, “दाखवायला वेळ नसेल मिळाला. म्हणून घडलं नाही होय रे?”

३. नऊ नंबर कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सरांना. त्यांनी ते भर वर्गात माझ्या हातातून ओढलं आणि विचारलं, “हा भुसा वाचून काय दिवे लावणार आहेस?” मी दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. पुस्तक हिसकावून निघालो तो परत गेलो नाही. पुस्तक चांगलं आहे. सरांनी किमान तीस पानं वाचावीत आणि मग बोलावं.

४. सतरा नंबर. यात मेकॅनिक तळ सोडून एका मुलीसाठी परत जातो. मालिकेत असलं काही नाही, म्हणून मी त्याला हात लावत नव्हतो. गेल्या वर्षी कप्तानने ते काउंटरवरून माझ्याकडे सरकवलं.

“हे वाच. शुक्रवारच्या आत.”

“त्यातलं काहीच खरं नाहीये.”

“माझ्यासाठी वाच. भांडू नकोस ना, बाबा.”

शुक्रवारी तिने विचारलं, “वाचलंस?”

“वाचलं की.”

“पूर्ण?”

“पूर्ण. भंगार आहे. शेवटी तर हसूच आलं.”

मी एक पानही उघडलं नव्हतं. ती हातातला एकच चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, “बरं.” मला वाटलं, वाद जिंकलो.

रविवारी तिचं लग्न ठरलं, महिन्याभरात झालंही, ती दूर गेली. अकरा महिने मी तिला बेइमान म्हणत होतो. एकदा तर दुकानात जाऊन, मालकांच्या तोंडावर.

परवा या कागदासाठी यादी करत होतो, कोणतं पुस्तक कोणत्या हालतीत आहे ते बघत. सतरा नंबर उघडलं. मेकॅनिक परत जातो त्या पानात तिची चिठ्ठी होती:

“रविवारी घरचे माझं लग्न पक्कं करणार आहेत. मला नाही म्हणायचंय, पण एकटीला जमणार नाही. तोंडावर सांगितलं तर तू आधी ओरडशील, म्हणून इथे ठेवलं. इथपर्यंत वाचलंस तर शनिवारी घरी ये. बाबांशी बोल. हळू आवाजात.”

म्हणजे गेलं वर्षभर ती हेच धरून आहे की मी ही चिठ्ठी वाचली आणि हसलो.

५. उरलेली एकोणतीस पुस्तकं धाकट्या बहिणीला. कप्तानच्या ‘वाच’वर डोळे मिटून विश्वास ठेवावा. माझ्या ‘सोड’वर ठेवू नये, त्यातले आणखी किती निकाल न वाचता लिहिले, ते मलाच आठवत नाही.

६. रद्दीवाल्या काकांना आणि चष्म्याच्या दुकानाच्या मालकांना काही ठेवत नाही, कारण दोघे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराने काही घेऊ नये असं काका म्हणतात. मालकांची माफी मागतो. ते म्हणाले, “सही करतो. पण तिचा पत्ता मागू नकोस.” मी म्हणालो, “नाही मागत.” ते म्हणाले, “पहिल्यांदाच हळू बोललास.”

७. सतरा नंबर मी बोटीवर नेतो. चिठ्ठी तिच्याच पानात राहील. मी जिवंत असेपर्यंत ते तिच्याकडे जाऊ नये. माझ्या मनावरचं ओझं हलकं करायला तिच्या दारात उभं राहायचा मला हक्क नाही. माझ्यानंतर ते मालकांनी तिच्या हाती द्यावं, काही न बोलता. ती आधी शेवटचं पान उघडेल, आमची सवयच ती. तिथे तिच्या ‘वाच’खाली माझी जागा वर्षभर कोरी होती. काल भरली:

‘तेव्हा वाचलं नव्हतं. आता वाचलं, पूर्ण. खरं आहे.’

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि साक्षीदारांना वाचून दाखवलं. सातवं कलम काकांनी वाचलं, माझ्याच्याने झालं नाही.

सही: भडक्या
साक्षीदार: १. रद्दीवाले काका २. चष्म्याच्या दुकानाचे मालक
ठिकाण: रद्दीच्या दुकानातलं मागचं टेबल
दिनांक: बोट सुटण्याआधीचा शनिवार