दोन पावलं डावीकडे

५ जून
पुन्हा हरलो. ओळीने नववी मॅच. ‘हरलो’ लिहायला आता शाईसुद्धा वाया घालवू नये असं वाटतं.

डगने, म्हणजे बेसबॉल टीममधल्या माझ्या बॉसने, सकाळी विचारलं, ऑक्टाव्हिओला सोडून द्यायचं का? तुझे आकडे काय म्हणतात? आकडे कधीचे बोंबलतायत. चाळीस वर्षांचा माणूस सेकंड बेसजवळ फील्डिंगला उभा. अंगावर आलेला चेंडू घेतो, जरा बाजूने गेला की बघत राहतो. अख्ख्या लीगमध्ये शेवटून पहिला! मी म्हटलं, चार दिवस द्या, नीट बघून सांगते. आता बघायचं काय राहिलंय, कपाळ?

६ जून
बघितलं. ऑक्टाव्हिओची मेजर लीगमधली, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमधली, दहा वर्षं ११ सप्टेंबरला पूर्ण होतात. खेळाडूंमध्ये दहा वर्षांना फार मान आहे, फार थोड्यांची होतात. आत्ता सोडलं तर या वयात त्याला दुसरी टीम घेणार नाही. नऊ वर्षं आणि काही महिने, एवढ्यावरच राहील बिचारा.

बाबांचं असंच झालं होतं. रेल्वे वर्कशॉपमध्ये बढतीच्या यादीत पहिलं नाव बाबांचं, आणि रिटायरमेंट चार महिने आधी आली. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मी मात्र अजून विसरलेले नाही.

९ जून
फील्डरांची कार्डं मीच काढते. समोर कुठला बॅटर आहे त्याप्रमाणे कुठे उभं राहायचं ते बारीक अक्षरात लिहिलेलं, मागच्या खिशात मावेल एवढं. आज ऑक्टाव्हिओला पहिल्या बेसकडे सरकवलं. आणि दुसऱ्या बेसच्या पलीकडे उभा असतो त्या शॉर्टस्टॉपच्या कार्डावर सगळीकडे दोन पावलं डावीकडे केली. म्हणजे ऑक्टाव्हिओच्या बाजूला. शॉर्टस्टॉप कोल्टन, वय चोवीस, पळायला नुसता वारा. म्हाताऱ्याच्या वाटचे चेंडू तो घेईल. त्याच्या स्वतःच्या बाजूला भोक पडेल, तिथून चार रन जास्त जातील. एवीतेवी हरतोच आहोत.

डगला लिहून दिलं: ठेवावा. खाली सही केली.

२१ जून
नागपूरहून बाबांचा फोन. रोज स्कोअर बघतात आणि रोज सांत्वन करतात, जशी मीच बॅट घेऊन उतरते! “खेळते ते लोकं, अन् दमते तू. काहून?” मी म्हटलं, बाबा, मॅच संपली की हरल्याचं कारण मला लिहावं लागतं. ते म्हणाले, मग खरं ते लिहायचं अन् झोपायचं.

त्यांचं आंघोळीचं पाणी तापलं होतं म्हणून सुटले.

२ जुलै
हरलो.

१३ जुलै, रविवार
टीम बाहेरगावी. वेस्ट विंडसरला मीराकाकूंकडे बुद्धवंदनेला गेले. जर्सी सिटीहून ट्रेन बदलत दीड तास, पण बरं वाटतं. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होते. चौथ्या शीलापाशी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, तिथे माझा आवाजच फुटेना. लहानपणापासून म्हणत आलेय, झोपेत म्हणेन! काकूंनी नंतर पाणी आणून दिलं आणि विचारलं, घसा बसलाय का. मी हो म्हटलं. म्हणजे आणखी एक.

मी तसं खोटं काहीच लिहिलेलं नाही. एकही आकडा बदललेला नाही. फक्त माणसं हलवली आणि मग आकडे खरे निघाले. हे स्वतःला समजावते आणि मलाच पटत नाही.

२९ जुलै
डग खूश. म्हणाला, ऑक्टाव्हिओ सुधारला बघ, तुझा अंदाज बरोबर होता. माझा अंदाज!

१६ ऑगस्ट
सातव्या इनिंगमध्ये कोल्टन डावीकडे धावला. ऑक्टाव्हिओ जागचा हलला नव्हता. कोल्टनने चेंडू अडवला, फेकला, बॅटर आउटसुद्धा झाला. मग कोल्टन तसाच खाली बसला. मांडीमागचा स्नायू फाटलाय. यंदाचा सीझन संपला त्याचा.

दोन महिने त्याला रोज दोघांचं पळायला लावलं मी. कुणाला ठाऊक नाही. मला आहे.

१७ ऑगस्ट
जेवण गेलं नाही. आज कोण जिंकलं तेही बघितलं नाही. बघायची गरज तरी काय?

२६ ऑगस्ट
नवा शॉर्टस्टॉप जड अंगाचा, त्यामुळे झाकलेलं सगळं उघडं पडलं. डगने विचारलं, ऑक्टाव्हिओ अचानक एवढा खाली का आला? सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते. तोंडातून एकच शब्द निघाला, “वय.” डग म्हणाला, मग महिनाअखेरीला मोकळं करू त्याला. सोळा दिवस राहिले होते! मी मान हलवली आणि बाहेर येऊन जिन्यात रडले. कुणासाठी ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्या पोराची मांडी गेली, म्हाताऱ्याची वर्षंही गेली, आणि मी आहे तिथेच आहे.

१ सप्टेंबर
सप्टेंबरात टीममध्ये दोन जागा वाढतात. मॅनेजर, म्हणजे मैदानावरचा कोच, डगला म्हणाला, माणसं कमीच आहेत, असू दे म्हाताऱ्याला बाकावर. बाकावरचे दिवसही मोजतात, म्हणजे राहिला तो! माझी सगळी हुशारी एकीकडे आणि कॅलेंडर एकीकडे.

११ सप्टेंबर
दहा वर्षं झाली. लॉकर रूममध्ये केक कापला. त्याच्या बायकोने माझा हात हातात घेतला, ऑक्टाव्हिओने मला सगळ्यांसमोर “प्रोफेसर” म्हणून हाक मारली. कोल्टन कुबड्या भिंतीला टेकवून टाळ्या वाजवत होता. मला तिथे उभं राहवेना. केक तसाच ठेवून निघाले.

यंदाची शंभरावी हारही आजच झाली.

२८ सप्टेंबर
शेवटची मॅच. हरलो.

पार्किंगमध्ये कोल्टनला गाठलं आणि जूनपासूनचं सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या मांडीला मी जबाबदार आहे, उद्या डगलाही सांगणार आहे. तो गाडीला टेकून ऐकत राहिला. मग म्हणाला, “ऑक्टाव्हिओला जवळचं दिसत नाही. चष्मा लावायची लाज वाटते. त्याचं कार्ड सुरुवातीपासून मीच वाचून दाखवतो. दोन्ही कार्डं माझ्याच हातात असायची, मला कळणार नाही होय? तू दोनच पावलं लिहायचीस. ती पुरत नव्हती. तिसरं मी माझ्या मनाने टाकायचो.”