टोपी खाण्याची पैज

डेंटन,
१२ ऑगस्ट १९६२

प्रिय अर्नी,

इकडे सगळं बरं आहे. तूही बरा असशील असं धरून चालतो. लूटनला यंदा ऊन चांगलं आहे म्हणे. तुमच्या त्या गवताच्या टोप्यांना तेवढं पुरतं. चिडू नकोस, थोरल्या भावाला एवढी खोडी चालते.

माझा कारखाना चाललाय. हल्लीची पोरं बोडक्यानं हिंडतात, तरी आमची फेल्टची टोपी अजून तग धरून आहे. परवा लंडनचा एक व्यापारी पबमध्ये बसून म्हणाला, "माझा माल वेळेवर पोचला ना, तर मी माझी टोपी खाईन!" आपल्या कारखान्यातला म्हातारा इनॉक कोपऱ्यातून म्हणतो कसा, "साहेब, सशाचे केस आहेत तिच्यात, ती कडक करायची लाख आहे आणि चाळीस जणांचा घाम आहे. पोटाला सोसेल ना?"

मग हे बोलणं मुळात आलं कुठून, यावर भांडण जुंपलं. इनॉक म्हणे, आपल्याच गावातून. दुसरा म्हणे, कुठल्याशा राजाच्या दरबारातून. खरं कुणालाच ठाऊक नाही. मला एवढंच कळतं, की टोपी खाईन म्हणणाऱ्याला ती खावी लागणार नाही याची पक्की खात्री असते.

आपल्या घरात मात्र पैज हरणाऱ्याला ती खावीच लागायची. मैद्याच्या पारीत बटाटा-मटण भरून, भोवती हुबेहूब टोपीसारखा काठ वळून आई ती भाजायची. बाबा मिशीला लागलेला रस्सा पुसत म्हणायचे, "पुढच्या खेपेला जरा मोठ्या मापाची कर गं!"

मी नोकरी सोडून स्वतःची टोप्यांची शेड टाकली, तेव्हा तू चारचौघांत म्हणालास, "वर्षाच्या आत हा जुन्या मालकाच्या फाटकाशी काम मागत परत उभा राहील, नाहीतर मी टोपी खाईन." वर्ष सरलं. आईनं नेहमीसारखी टोपी भाजून तुझ्यापुढे ठेवली. सगळे हसत होते, मीही. तू ताटाला हात लावला नाहीस आणि सकाळी लूटनची गाडी धरलीस. त्यानंतर नाताळाला एक कार्ड, तेही आईच्या नावानं.

आईचा पलंग खाली पुढच्या खोलीत आणलाय. जिना झेपत नाही, थोडा खोकला आहे.

थोडा नाही, अर्नी. डॉक्टर रोज येतात आणि जाताना दारात माझ्याशी दबक्या आवाजात बोलतात.

मंगळवारी ती मला म्हणाली, "पानं गळायच्या आत माझा अर्नी येणार. नाही आला तर मी टोपी खाईन."

मी म्हटलं, "तो? तो आला तर मी खाईन, काठासकट!"

ती इतकी हसली की उशी सरकली. एल्सीला हाक मारून म्हणाली, "सूनबाई, घरात मैदा आहे ना गं? या थोरल्याचं डोकं मोठं आहे." आणि कितीतरी दिवसांनी अर्धी वाटी सूप प्यायली.

मी हे तिला हसवायला बोललो. पण रात्रंदिवस कान फाटकाच्या कडीकडे लागलेले असतात. तिची पानगळ डॉक्टरांच्या हिशोबात बसत नाही. म्हणून शनिवारचीच गाडी पकड. मी स्टेशनवर येईन. जुनं काही काढणार नाही, तूही काढू नकोस. नुसता तिच्या पलंगाशी येऊन बस.

आयुष्यात पहिल्यांदाच हरण्यासाठी जीव टाकणारा,
तुझा
क्लिफ