हजेरीपटावरच्या अडतीस मुली

सोमवार, ३ ऑक्टोबर

हजेरीपटावर अडतीस नावं. वर्गात दोघी! त्यातली एक झोपलेली.

जागी होती तिला विचारलं, बाकीच्या कुठे? "मिस, शेवटच्या वर्षाला शाळेत कोण येतं? सगळ्या क्लासला. माझ्या घरी रंगकाम काढलंय, म्हणून आले."

मला काय हे ठाऊक नव्हतं? चार वर्षांपूर्वी मी तरी कुठे शाळेत पाऊल टाकत होते! आता कॉलेजचं शेवटचं वर्ष. इतर दिवस तिथे अर्थशास्त्र आणि ते शिकवायचं कसं हे शिकायचं, सोमवारी इथे येऊन शिकवायचं. करावं तसं भरावं, दुसरं काय.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

बाबांना सांगितलं. खुर्चीच्या पायावर पॉलिशपेपर घासता घासताच म्हणाले, "सुतारांच्या या दुम्यात गावच्या पोरीनं अर्थशास्त्र शिकायला कॉलेजात जावं! चार वर्षांत माझं लाकूडसुद्धा वाळतं." मग हळूच, "दोघींना तरी नीट शिकव, इसरा."

सोमवार, १० ऑक्टोबर

कोणीच नाही. रंग वाळला असावा.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

कॉलेजातल्या आमच्या डॉ. अफाफनी तारीख दिली. १२ डिसेंबरला त्या वर्गात मागे बसून माझा पाठ तपासणार. विषय : संधी-खर्च. एक गोष्ट घेताना जी दुसरी हातची सोडावी लागते, ती तिची किंमत. सोपं आहे. पण बाईंचा नियम सोपा नाही – "समोर दहा मुली हव्यात. रिकामे बाक हात वर करत नाहीत. दहा नसल्या तर पाठ झाला नाही असं लिहीन, आणि पुढच्या वर्षी पुन्हा भेटू."

पुन्हा एक वर्ष! दहा मुली आणू कुठून?

सोमवार, १७ ऑक्टोबर

रिकाम्या बाकांपुढे सराव करत होते. शाळा झाडणारी उम्म वलीद दारात येऊन उभी.

"कुणाशी बोलतेस ग?"

"बाकांशी."

"कळलं का त्यांना?"

चिडून तिलाच सगळं समजावलं. तिनं झाडू भिंतीला टेकवला, थोडा विचार केला. "म्हणजे मी इथे तुझं ऐकत उभी आहे, तर जिना झाडायचा राहिला. तो जिना माझा खर्च."

अख्खं एक सत्र घालवलं होतं मी हे समजायला!

जाता जाता म्हणाली, "मला सहावीतून काढलं, धाकटी भावंडं सांभाळायला. तेव्हा हे कुणी मोजलं नाही बघ." आणि हसत जिना झाडायला गेली. मला हसू आलं नाही.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

उम्म वलीद आता दर सोमवारी तिसऱ्या बाकावर बसते. जिना पहाटेच झाडून टाकते म्हणे. आज मी गमतीनं हजेरी घेतली तर अडतीसच्या अडतीस नावांना तीच 'हजर' म्हणाली, प्रत्येक वेळी वेगळ्या आवाजात! एकदा खोकून, एकदा लाजून. पोट धरून हसले. नंतर दोघींनी तिचे तामिया-पाव खाल्ले, पावात घातलेले कडधान्याचे वडे. वर्ग असा असतो हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

बुधवार, ९ नोव्हेंबर

गेले शेवटी. गावातल्या भिंती-भिंतीवर ज्याचं तोंड चिकटवलंय त्या 'अर्थशास्त्राच्या सुलताना'च्या क्लासला! तीनशे मुली, एक माणूस, हातात माइक. उंटावरून शेळ्या हाकतो नुसता. व्याख्या टाळ्यांच्या तालावर म्हणून घेतो. पण मुली येतात, हे खरं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवावं? सरळ म्हटलं, एका तासासाठी दहा मुली पाठवा.

"दहा काय, वीस पाठवतो. तू जानेवारीपासून माझ्याकडे ये. पेपर तपास, माइक सांभाळ. त्या ओसाड शाळेत नोकरीसाठी कशाला तडफडतेस?"

विचार करून सांगते म्हणाले. मोह झाला. झाला म्हणजे झाला, इथे तरी कशाला खोटं लिहू?

सोमवार, १४ नोव्हेंबर

उम्म वलीदला सांगितलं. तिनं विचारलं, "त्या मुली घेतल्यास, तर सोडायचं काय?"

"हा वर्ग."

"मग मला काय विचारतेस? शिकवतेस तू, आणि उत्तर मीच द्यायचं होय ग?"

सुलतानाला फोन करून नाही म्हटलं. मग एकटीनं तीन तामिया-पाव खाल्ले.

रविवार, ११ डिसेंबर

उद्या. वर्गात कोण? मी आणि उम्म वलीद. ती म्हणते, "स्वस्थ झोप. उद्या परीक्षेचे अर्ज घेतात." त्याचा माझ्याशी काय संबंध!

सोमवार, १२ डिसेंबर

संबंध होता!!

मुली क्लासला असतात, तेव्हा बोर्डाचे अर्ज घेऊन त्यांच्या आया शाळेत येतात. आणि उम्म वलीद सकाळपासून फाटकात उभी राहून प्रत्येकीला सांगत होती, "अर्ज वरच्या मजल्यावर, ब तुकडीत!" म्हणजे माझ्या वर्गात. मी डॉ. अफाफबरोबर दार उघडते तो काय – चौदा बाया बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या, हातात अर्ज, फोटो, एकीच्या मांडीवर पेरूंची पिशवी.

डॉ. अफाफ म्हणाल्या, "मी दहा मुली सांगितल्या होत्या."

पेरूवाली फणकारली, "मग आम्ही काय मुलगे आहोत?"

बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मी पाठ सुरू केला. टाचण कधीच विसरले. एक म्हणाली, मी सुताराला नाकारून कारकुनाशी लग्न केलं, आता घरातली एक खुर्ची धड नाही, हा माझा संधी-खर्च! कारकुनाच्या बाजूनं दोघी तावातावानं बोलल्या. मग एकीनं विचारलं, "आमच्या मुली त्या क्लासला बसतात, तेव्हा इथलं हे असलं सोडतात का?" तेव्हा मागून हात वर झाला. डॉ. अफाफचा! "मीसुद्धा या शाळेतलं शेवटचं वर्ष असंच सोडलं होतं."

तास संपल्यावर मात्र फाईल मिटली. "पाठ सुंदर झाला, इसरा. पण या मुली पटावर नाहीत. गुण देता येत नाहीत." माझा चेहरा बघून पुढे म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी एकदाच येते. शेवटचं."

आया अर्ज द्यायला कचेरीकडे गेल्या. दोघी-तिघी उम्म वलीदला लबाड म्हणत होत्या. ती प्रत्येकीच्या कानात काहीतरी सांगत होती.

आनंद झालाय, आणि नापासही होणार आहे. दोन्ही एकदम कसं होतं?

शनिवार, १७ डिसेंबर

बाबा मिशब्बिकचा, म्हणजे आमच्याकडच्या पाकातल्या जिलबीचा, मोठा डबा घेऊन आले. पास झालीस तर आनंदाची, नापास झालीस तर समजुतीची, म्हणे. पाक दोन्हीकडे तोच.

सोमवार, १९ डिसेंबर

दार उघडलं. एकतीस मुली. उम्म वलीदनं चौदा आयांच्या कानात घातलेलं आठवडाभरात बाकीच्या आयांपर्यंतही पोचलं होतं; प्रत्येकीला आईनं एकच सांगितलं होतं – "तू जात नसशील तर तुझ्या जागी मी जाऊन बसेन." मागच्या बाकावर डॉ. अफाफ, फाईल उघडी. "सुरू कर."

हजेरी घेतली. एकतीस वेगवेगळे आवाज, खरेखुरे. तिसऱ्या बाकावर चार मुली दाटून बसलेल्या. उम्म वलीद दारात झाडू धरून उभी, आत यायला जागाच नाही.

मी माझी खुर्ची उचलली, फळ्याजवळ ठेवली, आणि तिचं नाव बत्तिसावं घेतलं.

"हजर," ती म्हणाली. या वेळी स्वतःच्या आवाजात.