'मान' ऐवजी वाचावे

३ मार्च, मंगळवार. सकाळी सव्वासात.
आंघोळ करताना हाताला काहीतरी लागलं. तिथे. तीन चामखिळी, मोहरीएवढ्या. काल नव्हत्या. (परवाही नव्हत्या, असं शपथेवर सांगता येणार नाही. खोटं लिहायचं नाही, इथेसुद्धा.) मी घाबरणाऱ्यातली नाही. उद्याच लेडी डॉक्टर.

४ मार्च.
गेले नाही. कारण रास्त आहे. छापखान्यात नेमकं आजच हॉस्पिटलचं माहितीपत्रक प्रूफं तपासायला आलं. विषय : तिथल्या चामखिळी आणि त्यांच्याशी संबंधित आजार कसे ओळखतात. घरबसल्या डॉक्टर मिळाल्यासारखंच झालं. चामखीळ बहुधा नुसती बघूनच ओळखतात. शंका असली तर बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. सगळा एका विषाणूचा उद्योग. चामखिळी आणणारे त्याचे प्रकार वेगळे, कॅन्सर आणू शकणारे बहुधा वेगळे. पण एकीलाच दोन्ही असू शकतात, म्हणून आतल्या पेशी घेऊन पॅप टेस्ट करावी.
'कॅन्सर' या शब्दावर चहा सांडला. नवीन प्रूफ मागवावं लागलं.

५ मार्च.
पत्रकाची भाषा भयंकर. 'गर्भाशयग्रीवा' सतरा वेळा! कोणाला कळणार? बाबांनी मला शाळेच्या आधी घरीच शिकवलं : अडलं की कोश उघडायचा. उघडला. ग्रीवा म्हणजे मान. आणि आईनं शिकवलं : चारचौघांत तसले शब्द नकोत. दोघांचंही ऐकलं. 'गर्भाशय' काढलं, 'ग्रीवे'ची मान केली. सतराही ठिकाणी. 'स्त्रियांनी मानेची तपासणी वेळच्या वेळी करून घ्यावी.' किती सुटसुटीत!
मालकांनी विचारलं, हॉस्पिटलला परत दाखवायचं का? म्हटलं, कशाला, मी बघितलंय ना. मालक म्हणाले, तू बघितलंस म्हणजे देवानं बघितलं. दोन हजार प्रती.

१० मार्च.
लेडी डॉक्टर राहूनच गेली. त्याआधी हे आलं कुठून, याचा छडा लावणं महत्त्वाचं. लग्नाला पाच महिने झालेत. संशयित एकच. पत्रकात स्पष्ट आहे की विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसतो, कोणाकडून कधी आला ते सांगता येत नाही. हे वाक्य मीच तपासलं, त्यात एक अनुस्वारही दिला. तरी दिवसभर नवऱ्याशी बोलले नाही. तो म्हणाला, अगं, झालंय तरी काय? म्हटलं, मान. त्यानं मोबाइलचा टॉर्च लावून मान बघितली, काहीच दिसत नाही म्हणाला आणि वीस मिनिटं मलम चोळत बसला. इतका चांगला वागतोय म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय.

१७ मार्च.
गेले! हॉस्पिटलच्या खिडकीतल्या बाई ओरडून म्हणाल्या, कशासाठी आलात? मागे बाकावर अकरा माणसं. म्हटलं, मानेसाठी. छापील पत्रकाप्रमाणे शंभर टक्के बरोबर. त्यांनी चार नंबरच्या खोलीत पाठवलं. तिथे हाडांचे डॉक्टर. डावीकडे वळा, उजवीकडे वळा. मी काही बोलणार तोवर गळ्यात पट्टा. तीन आठवडे.
डॉक्टर म्हणाले, आठवड्यात तुम्ही सहाव्या. प्रत्येकीच्या हातात तेच पत्रक, आणि मान एकीचीही बिघडलेली नाही, पट्टा आपला समाधानासाठी. माझं निरीक्षण : बायकांमध्ये मानेच्या तक्रारी वाढताहेत. मोबाइल.

२६ मार्च.
पट्ट्यामुळे खाली बघता येत नाही. फायदाच. (हाताला पाच लागल्या. मोजण्यात चूक असणार.) आईचा फोन आला. म्हणाली, तुला म्हटलं होतं ना, सारखी मान खाली घालून वाचू नकोस!

६ एप्रिल, सोमवार.
तीन की पाच, हा वाद कायमचा मिटवायला त्याच हॉस्पिटलातल्या लेडी डॉक्टरकडे गेले. तोंडानं बोलायचं नव्हतं, म्हणून चिठ्ठी लिहून नेली होती. चिठ्ठीत : 'तिथे'. त्यांनी चिठ्ठी उलटून मागची बाजूही बघितली. मग म्हणाल्या, तिथे म्हणजे कुठे, बाळ? तो पट्टा काढ आधी आणि आडवी हो.
दिवा लावून बघितलं. अर्धं मिनिट. चामखिळीच आहेत, म्हणाल्या, तुकडा काढायची गरज नाही, औषधानं जातील. मग पॅप. मी शंभरपर्यंत मोजायचं ठरवलं होतं. चाळिसावरच संपलं. रिपोर्ट शनिवारी. तो चांगलाच येईल असं त्या म्हणाल्या नाहीत. मी दोनदा विचारलं.
किती दिवस झाले? म्हटलं, तीन-चार. त्यांनी पट्ट्याकडे बघितलं. नवऱ्याला सांगितलंस? म्हटलं, जवळजवळ.
मग त्यांनी ड्रॉवरमधून पत्रक काढून टेबलावर आपटलं. म्हणाल्या, हे कोणत्या दिवट्यानं तपासलंय? चौदा बायका हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. एकीला आत खरंच बिघाड निघाला. तीन आठवडे पट्टा घालून फिरत होती बिचारी, बरं वाटतंय म्हणत.
मी म्हटलं, हल्ली लोक फारच निष्काळजी झालेत.
घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

७ एप्रिल.
मालकांना सांगितलं. त्यांनी पत्रक पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, देवानं बघितलं होतं ना?
शुद्धिपत्र तयार केलं : 'या पत्रकात जिथे जिथे "मान" आहे, तिथे तिथे "गर्भाशयाचे मुख" वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' शब्द स्वतःच्या हातानं लिहिला. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. उरलेल्या प्रतींवर चिकटवायचं. वाटून झालेल्यांचं काय? आणि त्या बाईच्या तीन आठवड्यांचं? 

८ एप्रिल, बुधवार.
आज नवऱ्याला सगळं सांगायचंच. मुद्दे काढले, सात. चहाच्या वेळी सुरुवात करायची. चहाच्या वेळी पट्टा घालून बसले. सवय.
शुद्धिपत्राचं प्रूफ टेबलावरच राहिलं होतं. त्यानं ते वाचलं. खालचं पत्रक वाचलं. पुन्हा शुद्धिपत्र. मग माझ्या पट्ट्याकडे बघत राहिला.
म्हणाला, म्हणजे मी मलम...
म्हटलं, हो.
हसू आवरेना त्याला. मलाही आलं असतं, पण पट्ट्यात हसता येत नाही. मग त्यानंच उठून पट्टा सोडवला. म्हणाला, वेडे, पाच आठवडे एकटीच घाबरत बसलीस? शनिवारी रिपोर्टला दोघं जाऊ. मीपण डॉक्टरांना दाखवतो काय ते.
तर ठरवल्याप्रमाणे नवऱ्याला आजच सगळं सांगितलं. लेखी.