उपासाला न चालणारी गोळी

सोमवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय माझं. सुनेच्या पोर न राहायच्या गोळ्यांचं पाकीट पाहिलं, तर सोमवारच्या गोळ्या तशाच. म्हणते, "आई, उपास असतो ना!" साबुदाणा चालतो, गिरीज गावची केळी चालतात, गोळीच तेवढी बाटवते? दोन सिझर झालीत, तिसरं जिवावर बेतेल म्हणाली डॉक्टरीण. नर्सबाईने बजावलेलं, रोज ठरल्या वेळी घेतली तरच अंडं सुटत नाही. विसरलीस तर आठवल्याबरोबर घे. ही विसरत कुठे, मुद्दाम ठेवते! आजची मी समोर उभी राहून गिळायला लावली. पण मागच्या सोमवारांचं काय? ते विचारायला उद्या दोघांना डॉक्टरणीकडे नेणार. आणि हे सोमवार धरते कशाला, तर नवऱ्याच्या नोकरीसाठी. मग उद्या डॉक्टरणीसमोर हिने तोंड उघडायचं नाही. माझ्या पोराने जाब द्यायचा.