रोशनबीच्या घरचं इराणी पिल्लू

कोल्हापूर,
ता. ११ एप्रिल १९७६

चि. शालन ऊर्फ आमच्या शालूबाई हिस,

इकडं सगळी खुशाल. तुझी आजी चिमणाबाई खुशाल, गुडघा तेवढा कुरकुरतोय. दोन्ही म्हशी खुशाल. सयाजीमामाला नमस्कार सांग.

आता बस खाली आणि नीट वाच. आपल्या घरात मांजर येणार हाय! साधंसुधं न्हाय, इराणी! एवढं केसाळ की पाय कुठं संपत्यात ते कळत न्हाय.

परीक्षा झाली की वारणानगरहून थेट इकडं ये. दिवाळीला आली न्हाईस, संक्रांतीला आली न्हाईस. मामाकडची शाळा मोठी हाय म्हणून गेलीस असं आम्ही गल्लीत सांगतो, पण आपली मनी मांजर गेल्यापासनं तुझं मन या घरातनं उडालंय हे मला ठाऊक हाय. तू परत यावंस म्हणून तर हा सगळा खटाटोप.

तर झालं असं. अत्तरवाले मीरासाब रोज आपल्या कट्ट्यावर दूध न्यायला येत्यात. त्यांच्या मेव्हण्यानं मुंबईहून आणून दिलेल्या मांजरीला तीन पिल्लं झाली. मी म्हटलं, एक आमच्या शालूला! ते म्हणाले, "मांजरं माझ्या बायकोची, रोशनबीची. ती इकत न्हाय, देते. पण माणूस बगून देते." मग काय, इस्त्रीचं धोतर नेसून, फेटा बांधून गेलतो बग, पोरगी बगायला निघाल्यागत! आजी हसून हसून बेजार.

एक पांढरं, पडद्यावर चढणारं. एक कबरं, सारखं गुरगुरणारं. एक राखी, कोपऱ्यात गप. आता मी चाळीस वर्षं म्हशी पारखल्या, मला दुसरं काय येतंय? पांढऱ्याचं तोंड उघडून दात बगितलं, शेपूट उचलली, पाठीचं कातडं चिमटीत धरलं. त्यानं माझं बोटच फोडलं की! रोशनबी कडाडली, "ओ भाऊ, म्हस घ्यायला आलाय व्हय? खाली बसा. हात फरशीवर ठेवा. तुम्ही न्हाय निवडायचं, पिल्लू निवडंल."

बसलो गुमान. अर्धा तास. पायाला मुंग्या आल्या. आणि शालू, ते राखी पिल्लू हळूच आलं, माझ्या तळहातावर हनुवटी टेकली आणि झोपलं! काय सांगू तुला, म्हस व्यायली तरी मला एवढा आनंद होत न्हाय. लई गरीब जात म्हणं. नख काढत न्हाय, पोराबाळांत राहतंय. फकस्त रोज विंचरायला लागतंय, न्हायतर केसांच्या गाठी हुत्यात. आजीनं तिचा लाकडी कंगवा आत्ताच धुवून ठेवलाय. दुधाच्या खोलीला मी जाळीचं दार बशिवलं. पिल्लाचं नाव काय ठेवायचं ते तू ठरव.

पण पिल्लू अजून घरी आलेलं न्हाय.

रोशनबीनं ते माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "भाऊ, याच्या आधी घरात मांजर होतं काय? त्याचं काय झालं?" सगळ्यांनाच विचारते ती. मी "पळून गेलं" म्हणायला तोंड उघडलं. तुला तेच सांगितलंय, आजीलाबी तेच. पण ते हातावर झोपलेलं, आणि मला खोटं बोलवंना.

शालू, मनी पळाली न्हाय. मी सोडली.

दुधात केस सापडला म्हणून एका गिऱ्हाईकानं कट्ट्यावर चार लोकांत तमाशा केला. माझं डोकं फिरलं. तू शाळेत गेल्यावर मनीला पोत्यात घातलं, सायकलला बांधलं आणि कळंब्याच्या तलावापलीकडं सोडून आलो. सगळी असंच करत्यात, त्यात काय, असं वाटलं. मग तू तीन दिवस गल्लोगल्ली "मने, मने" करत फिरलीस, आणि तुझा हात धरून मीबी हाका मारल्या. पोत्याची लाज वाटतेच, त्या हाकांची जास्त वाटते. चौथ्या दिवशी मी परत कळंब्याला गेलतो. लई शोधलं, मिळाली न्हाय. तू उगं आशा धरू नको.

रोशनबीनं पिल्लू परत घेतलं. ओरडली न्हाय. म्हणाली, "जिची मांजर होती तिला आधी खरं सांगा. ती आली तर तिच्या हातात देईन, तुमच्या न्हाय." मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत ती थांबणार हाय.

इथवर लिहून झाल्यावर आजीला वाचून दाखवलं. जेवताना तिनं मला दुसरी भाकरी विचारली न्हाय.

तू ये. मीरासाबांकडं आजी तुझ्याबरोबर येईल, मी कट्ट्यावरच थांबतो. पिल्लू घेऊन मामाकडं परत गेलीस तरी चालंल. इथं राहिलीस आणि माझ्याशी बोलली न्हाईस, तरीबी चालंल. पिल्लू तुझंच हाय.

दर पत्राच्या शेवटाला मी तुला अनेक आशीर्वाद लिहितो. आज ते द्यायची माझी लायकी न्हाय, म्हणून लिहीत न्हाय. मला माफ कर, पोरी.

तुझा आजा,
हंबीरराव