फुटली नाही, पोचा आला

२ मे

ही वही ताईने दिली. म्हणाली, आता लग्न झालंय, राग आला की आधी लिहून काढ, मग काय ते बोल. मला राग येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, तरी तिला असं का वाटावं कळलं नाही. पण वही दोनशे पानी आहे, जाड कव्हराची. वाया कशाला घालवायची.

लग्नाला आज आठ दिवस झाले. बारा तारखेला हनिमून. परदेश, समुद्र, आठ दिवस. पॅकिंग अर्थातच माझ्याकडे. मी घरसामान हलवणाऱ्या कंपनीत पॅकिंग सुपरवायझर आहे. बारा वर्षं झाली, माझ्या हातून पॅक झालेला साधा कपसुद्धा फुटलेला नाही.

हे ऐकूनच हिने होकार दिला होता. दुसऱ्याच भेटीत तिने सांगितलं की तिचे वडील चिडले की हाताला येईल ते फेकायचे. त्यांच्या घरी कपांचा सेट कधी सहाचा राहिलाच नाही. तिची अट एकच होती. रागाच्या भरात एक जरी वस्तू फुटली, तर ती त्याच दिवशी निघून जाईल. मी हसलो. म्हटलं, माणूस बरोबर शोधलास.

४ मे

गोडाउनमध्ये आज ड्रायव्हरने काचेच्या कपाटाची पेटी उलटी ठेवली. बाण वर दाखवतोय आणि हा शहाणा खाली ठेवतोय. मी टेपगन फेकली. त्याच्यावर नाही, त्याच्या दिशेने. कानाला लागली. तीन टाके.

मीच डॉक्टरकडे घेऊन गेलो. टाके पडेपर्यंत बाहेर बसून राहिलो. असा सुपरवायझर त्याला शोधून सापडायचा नाही. कपाट शाबूत. टेपगनही शाबूत.

घरी हिने विचारलं, दिवस कसा गेला. छान म्हटलं.

७ मे

हिने यादी दिली. सुती ड्रेस सहा, पोहायचे कपडे, टोपी, गॉगल, सनस्क्रीन, चपला, पुस्तकं पाच. पुस्तकं पाच! आठ दिवसांत, हनिमूनला! मी काही बोललो नाही. माझा स्वभाव तसा नाही.

सनस्क्रीनच्या बाटलीला बबलरॅपचे सात थर दिले. ड्रेस हवा काढायच्या पिशव्यांत घातले, एकेक पापडाएवढा झाला. टोपी मात्र ऐकेना. दोनदा सरळ केली, दोनदा वर आली. तिसऱ्यांदा तिच्यावर बसलो. आता ती पूर्ण सपाट आहे. मोडली नाही, बसली.

९ मे

मेव्हणा मदतीला आला. मदत कसली, डोक्याला ताप. हिचा धाकटा भाऊ आहे म्हणून ऐकून घ्यायचं. म्हणतो, भाऊजी, इतकी टेप कशाला, बॅग आहे का मढं? ही हसली. मी पण हसलो. मग बॅगला लाथ घातली, ती त्याला नव्हती, झिप नीट बसावी म्हणून होती. चाक निघालं आणि उडून त्याच्या नडगीवर बसलं. केवढा ओरडला, सासूबाईंना ऐकू गेलं असेल.

ही भावाची नडगी बघायला धावली. मी चाक परत बसवून दाखवलं. निघालं म्हणजे फुटलं नाही. फुटलेली वस्तू परत बसते का? तिने मान हलवली, पण संध्याकाळभर बोलली नाही. भावाची काळजी असेल.

नंतर झिप लावताना ती बॅगवर बसली, मी दोन्ही हातांनी ओढली. लागली. छान टीम आहे आमची.

११ मे

वजन दोन किलो नऊशे ग्रॅम जास्त. हूक अडकवून काट्यावर तीनदा घेतलं. तिघांनाही तेच दिसलं, मला, काट्याला आणि आईला. म्हणजे दोष पुस्तकांचा.

चार पुस्तकं सरळ काढून कपाटात टाकली. राहिली खुनाची एक जाडजूड कादंबरी, चारशे बत्तीस पानांची. आता डोकं वापरायचं. ही रोज चाळीस पानं वाचणार, आठ दिवसांची तीनशे वीस. वरची एकशे बारा पानं उगाच कोण वाहून नेणार? कटरने एका घावात वेगळी केली. पाठीला ब्राऊन टेप लावली. कापलेली पानं बबलरॅपमध्ये घालून, 'शेवट' असं लेबल लावून माझ्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवली. इतकी काळजी कोण घेतं?

हिला सांगितलं नाही. सरप्राइज.

१२ मे, विमानतळ

तपासणीवाल्याने हँडबॅगेतला माझा कटर काढून घेतला. बारा वर्षांचा कटर. मी शांतपणे त्याचं मनगट धरलं. तो म्हणतो सोडा. मी म्हणतो आधी तू सोड. ट्रे उडाला, कोणाचा तरी पट्टा आणि चपला लांबवर गेल्या. चौघांनी मला जमिनीवर पालथं घातलं आणि पाठीवर गुडघा ठेवला. मग एका खोलीत चाळीस मिनिटं.

विमान मिळालं. म्हणजे त्यांचीच चूक होती. ही खिडकीकडे बघत बसली होती. पहिलाच विमानप्रवास, मजा वाटत असणार.

१३ मे

हॉटेल छान. समुद्र जिथे सांगितला तिथेच आहे. बॅग उघडली, सनस्क्रीनची बाटली शाबूत. हिला दाखवली. टोपी घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि खूप हसली. डोक्यावर ताट ठेवल्यासारखी दिसत होती. किती दिवसांनी हसली. मला फार बरं वाटलं. त्या क्षणी ठरवलं, या आठ दिवसांत आवाजसुद्धा चढवायचा नाही.

दुपारी टॅक्सीवाल्याने लांबून नेलं. त्याची कॉलर धरली, आवाज चढवला नाही.

१५ मे

एसी बंद पडला. काउंटरवरच्या माणसाला तीनदा सांगितलं. तो हसतमुखाने हो म्हणतो आणि कोणी येत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या टेबलावरच्या घंटेवर हात मारला, तर तिचं बटण आत गेलं ते वर आलंच नाही. तसल्या हलक्या मालाला मी काय करू?

खोलीत येऊन किटलीने एसीला दोन ठोके दिले. आमच्याकडे मशीन असंच चालू करतात. चालू झाला नाही. हिने किटली हातात घेऊन सगळीकडून पाहिली. मी म्हटलं, फुटली नाही, पोचा आला. पाणी घालून दाखवलं, एक थेंब गळला नाही. ती म्हणाली, हो. मग पुस्तक घेऊन बसली.

फार भरभर वाचते.

१६ मे, सकाळी ११

एसी अजून बंदच. उकाडा सहन होत नाही म्हणून जाड पडदे लावून घेतलेत, दिवसभर उघडायचे नाहीत असं ठरवलंय. दिवा लावून बसलोय. हिची दोनशे नव्वद पानं झाली. चौथ्याच दिवशी! हिशेबाने एकशे साठ व्हायला हवी होती. माणसाने ठरल्याप्रमाणे वागावं की नाही?

१६ मे, संध्याकाळी ५

वाचून झालं. म्हणजे तीनशे विसावं पान. तिने ते उलटलं, पुढे ब्राऊन टेप. विचारलं, हे काय? मी सगळा हिशेब समजावून सांगितला. लेबल लावलंय तेही सांगितलं. ती म्हणाली, माझं पुस्तक कापताना तुला मला विचारावंसं वाटलं नाही का? आता यात विचारायचं काय? मी तिचंच ओझं कमी केलं. तेच मी जरा मोठ्याने सांगितलं. तिच्या हातातून पुस्तक ओढून वर उचललं, केवढं हलकं झालंय ते दाखवायला.

तिने दोन्ही हात डोळ्यांवर धरले. ऊन फार आहे इथे.

पुस्तक दिव्यावर जाऊन आदळलं. दिव्याची टोपी निघाली, परत बसवली. बल्ब चालू आहे.

१७ मे, सकाळी

हिचा मूड ठीक करायचा म्हणून स्विमिंग पूलवर नेलं. खुर्च्यांवर एका जाड्याने टॉवेल टाकून ठेवलेले. स्वतः पाण्यात. मी टॉवेल काढले. तो वर आला आणि माझ्या छातीवर बोट टोचून त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. भाषा कळली नाही, पण टोन कळला. मी ढकललं, त्याने हाणलं, मी हाणलं. त्याच्या नाकातून रक्त आलं, ते पाण्यात पसरलं, तशा सगळ्या बायका पोरं उचलून बाहेर पळाल्या. मी खुर्ची उचलली होती, पण टाकली नाही. ताईला कळलं तर खूश होईल, इतका ताबा.

मागे वळलो तर ही नव्हती. खोलीवर गेली असेल. जातो.

१७ मे, दुपारी

डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला कोणी हसू नये. हसायला आहे कोण म्हणा.

ही बाथरूममध्ये होती. आतून कडी. फोनवर तिच्या आईशी हळू आवाजात बोलत होती. मी ऐकत नव्हतो, फक्त दाराला कान लावला होता. मी म्हटलं, दार उघड. ती म्हणाली, नंतर. मी परत म्हटलं. मग ठोठावलं. मुठीने. बरंच ठोठावलं. दार पक्कं निघालं, कौतुक केलं पाहिजे, साधी चीरसुद्धा नाही. हाताची दोन हाडं मोडली. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर.

दवाखान्यात ही बरोबर आली. फॉर्मवर माझं नाव, वय तिनेच भरलं. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं ते दिसलं नाही.

१८ मे

गेली.

सकाळी उठलो तर ही स्वतःची बॅग भरत होती. मी मुद्देसूद बोललो. अट वस्तूंची होती. वस्तू एकही फुटली नाही. चाक बसलं, किटली गळत नाही, दिवा चालू, दार शाबूत. मोडला तो माझा हात, आणि हात ही वस्तू नव्हे. ती घड्या घालत राहिली. घड्या सुबक होत्या, माझ्याकडूनच शिकली.

दाराशी जाऊन मग म्हणाली, "दार फुटलं असतं, तर पलीकडे मी होते."

ते फुटलंच नाही ना पण. मी ते सांगेपर्यंत लिफ्ट आली.

दोन दिवसांत राग उतरेल. तापट आहे थोडी, वडिलांवर गेली असेल. सपाट टोपी आणि अर्धं पुस्तक ठेवून गेली.

१९ मे

हॉटेलने पूलवर जायला मला बंदी केलीय. एका हाताने पोहता तरी कुठे येणार होतं. आणि तसंही मला पोहता येत नाही.

दिवसभर कादंबरी वाचली. वीस वर्षांत पहिलीच. बायको मरते आणि सगळे नवऱ्यावर संशय घेतात. मूर्ख आहेत सगळे. नवरा साधा माणूस आहे, कामात चोख, थोडा चिडतो एवढंच. शेजाऱ्याने केलं असणार, मला पहिल्या पानापासून खात्री आहे. तीनशे विसाव्या पानावर पोलीस नवऱ्याच्या घरात शिरतो, कपाट उघडतो, आणि ब्राऊन टेप.

हिला मेसेज टाकला. शेवट माझ्या कपाटात खालच्या खणात आहे, आईकडून किल्ली घेऊन वाच आणि मला कळव, शेजारीच ना?

२० मे

हिचं उत्तर आलं. ती माहेरी आहे. शेवट नको म्हणाली. कोणी केलं ते तिला दोनशेव्या पानालाच कळलं होतं.

मला कळलेलं नाही. दोनशेवं पान परत वाचलं. त्यात काही नाही. नवरा जेवायला बसतो, आमटी आवडत नाही, वाटी ढकलतो, बायको फरशी पुसते. एवढंच.

वाचायला दुसरं काही उरलं नाही म्हणून ही वही काढली. सुरुवातीपासून वाचली. चाक, टोपी, किटली, कान. फुटली नाही, गळत नाही, बसली, मोडली नाही. कोणाला सांगत होतो इतकं कळत नाही. सोळा तारखेला सकाळी लिहिलंय, जाड पडदे लावून घेतलेत, दिवसभर उघडायचे नाहीत. संध्याकाळी लिहिलंय, तिने डोळ्यांवर हात धरले, ऊन फार आहे.

उजव्या हाताने लिहिलेलं आहे, स्वच्छ अक्षर. दोन्ही माझंच.

ऊन नव्हतं खोलीत.

फोन हातात घेतला, ठेवून दिला. काय सांगणार होतो, कळेना. ती वडिलांपुढेही असेच हात धरत असेल, सहाव्या कपाच्या वेळी.

चारला गाडी येणार आहे. सामान भरलं. एकट्याचं, फारसं नाही. टोपी वर ठेवली. बॅग बंद करायला गेलो तर एका हाताने झिप लागेना. दुसरं कोणीतरी वर बसायला लागतं. टेप मारावी म्हटलं, तर कटर नाही. उघडीच ठेवलीय.